ट्रेलरचा ब्रेक आपल्या पायाखाली आणताना

उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावरून येताना ज्यानं पाहिलाय, त्याला या लेखाचं कारण वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरला थांबायचं असतं, ट्रॉल्यांना नसतं. अमेरिकेत पिकअपच्या मागे पाच-सहा हजार पाउंडांचा कॅम्पर (चाकांवरचं ओढायचं घर) लावून निघालात आणि ट्रेलरचे ब्रेक चालू नसले, तर तीच गोष्ट ताशी 65 मैलांवर होते.

मी टेक्सासात राहतो. ओळखीत कुणी कॅम्पर किंवा घोड्यांचा ट्रेलर घेतला की फोन येतो, "अरे, तो ब्रेक कंट्रोलर कुठला घेऊ?" ब्रेक कंट्रोलर म्हणजे तुम्ही पेडल दाबलं की ट्रेलरच्या ब्रेकना करंट सोडणारा डबा. तो कुठला घ्यायचा हा या कामातला सोपा भाग आहे. चुका होतात त्या वायरिंगमध्ये, अर्थिंगमध्ये आणि शेवटी गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, लावताना. म्हणून डब्याबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहितोय.

आधी बघा, लागतो का

ट्रेलरचे ब्रेक मुख्यतः दोन जातींचे. पहिले सर्ज ब्रेक. गाडीनं वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानंच हिचजवळचा (गाडी आणि ट्रेलरच्या जोडाजवळचा) हायड्रॉलिक सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक लागतो. बोटींचे बरेच ट्रेलर असे असतात, यू-हॉलचे भाड्यानं मिळणारे मोठे ट्रेलरही असेच. त्यांना कंट्रोलर लागत नाही. दुसरे इलेक्ट्रिक ब्रेक. कॅम्पर, मालवाहू आणि घोड्यांचे ट्रेलर बहुधा याच जातीचे, आणि हे कंट्रोलरशिवाय नुसते शोभेचे. इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक नावाचा तिसरा प्रकार मोठ्या, डिस्कब्रेकच्या ट्रेलरवर दिसतो. तुमचा तो असेल तर कंट्रोलरला तसा मोड आहे का, हे घेण्याआधी बघा.

कायदा राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात कॅम्परला 1,500 पाउंडांपासून स्वतःचे ब्रेक लागतात, टेक्सासात ट्रेलरसाठी ती मर्यादा 4,500 पाउंड आहे. पण कायद्यावर विसंबू नका. तुमच्या ट्रकच्या (म्हणजे पिकअपच्याच) पुस्तिकेत बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा दिलेली असते आणि ती बऱ्याचदा आणखी कमी असते. ट्रेलरचं वजन बघायचं ते त्याच्या डाव्या बाजूला पुढे चिकटवलेल्या पट्टीवर. तिथे जीव्हीडब्ल्यूआर म्हणून जो आकडा असतो, तो भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त मान्य वजन. विक्रेता सांगतो ते बहुधा रिकाम्याचं.

मग ट्रकमध्ये बसून डॅशकडे नीट बघा. अधिक-उणेची बटणं आणि चिमटीत दाबायची एक पट्टी दिसली, तर कंपनीनंच कंट्रोलर दिलाय. फोर्डनं 2005 च्या सुपर ड्यूटीत तो पहिल्यांदा दिला, नंतर बाकीच्यांनीही दिला. हा गाडीच्या ब्रेकच्या यंत्रणेशी जोडलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या डब्यापेक्षा चांगलाच. असला तर खरेदी आणि वायरिंग सोडा आणि थेट तपासणीवर या.

आता मागे जा आणि बंपरखालचं सॉकेट बघा. चपटं, चार पिनांचं असेल तर त्यातून फक्त दिवे चालतात. ब्रेकची वायर त्यात नसतेच. तुम्हाला सात पिनांचं गोल सॉकेट हवं. माझा पहिला ट्रक विकताना विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "टो पॅकेज आहे." म्हणजे ट्रेलर ओढायची सगळी तयारी. घरी येऊन वाकून पाहिलं तर हिचचा चौकोनी पाइप आणि चार पिना. पॅकेज या शब्दावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. सही करण्याआधी गुडघे टेकून स्वतः बघा.

आत काय होतं

हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एका दांड्याच्या टोकाला मुठीएवढा इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. कंट्रोलरनं त्याला करंट दिला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पत्र्याला चिकटू बघतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, दांडा हलतो आणि ब्रेक शू बाहेर रेटले जातात. करंट जास्त, चिकटणं जास्त, ब्रेक जास्त.

10 ते 12 इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर खातो. दोन आसांचा कॅम्पर म्हणजे चार चाकं, सुमारे 12 अँपिअर. आता बघा, हा करंट बॅटरीपासून डॅशपर्यंत, तिथून सगळ्या ट्रकच्या लांबीनं मागे, प्लगमधून ट्रेलरमध्ये आणि अर्थच्या वायरनं परत, एवढा प्रवास करतो. वाटेत कुठे बारीक वायर, गंजलेली पिन किंवा सैल जोड असला तर मॅग्नेटपर्यंत 12 व्होल्ट पोचतच नाहीत. डॅशवर आकडा झकास दिसतो आणि मागे ब्रेक मात्र अर्धाच लागतो.

कुठला घ्यावा

टाइम-डिलेड नावाचे स्वस्त कंट्रोलर पेडल दाबून ब्रेकचा दिवा लागला की ठरवून दिलेला करंट ठरावीक गतीनं वाढवत सोडतात. तुम्ही सिग्नलला हळूच थांबताय की पुढे हरिण आलंय, त्यांना कळत नाही. प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये गाडीचा वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे ओळखणारा सेन्सर असतो, आणि ब्रेक त्या प्रमाणात लागतो. वर्षातून दोनदा गवत कापायचं यंत्र न्यायचं असेल तर पहिला चालेल. बायकामुलांना घेऊन लांब जाणार असाल तर प्रपोर्शनलच घ्या. यावर मी वाद घालत नाही.

त्यातही स्वभाव वेगळे. टेकॉन्शाचा प्रॉडिजी पी3 डॅशखाली लटकतो, त्याला मोठा पडदा आणि हातानं ब्रेक लावायची पट्टी आहे, शिवाय जड ट्रेलरसाठी सुरुवातीलाच थोडा जास्त जोर देणारा बूस्ट आहे. रेडार्कच्या टो-प्रोचा डबा आत कुठेही लपवता येतो आणि डॅशवर फक्त एक गोल बटण दिसतं. ज्यांचा गुडघा सतत कशालातरी आपटतो त्यांच्यासाठी तो बरा. मात्र स्वतःला कसं बसवलंय हे त्या डब्याला शिकावं लागतं, त्यासाठी सुरुवातीला काही वेळा ब्रेक दाबत गाडी चालवावी लागते. कर्टचा एको थेट मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनवरून चालतो. ट्रक लीजवर असेल, एकही भोक पाडायचं नसेल, तर तो सोयीचा. पण घाईच्या क्षणी फोनच्या पडद्यावर बोट शोधणं मला पटत नाही.

घेताना एक आठवणीनं बघा, किती ब्रेकसाठी आहे. दोन आस म्हणजे चार ब्रेक. हे चाकांवर मोजायचं, ट्रेलरच्या लांबीवर नाही.

सोपी वाट: डॅशखाली प्लग असेल तर

सात पिना असलेल्या बऱ्याच ट्रकांत कंपनीनं डॅशखाली, ब्रेक पेडलच्या आसपास, कंट्रोलरसाठी एक प्लग सोडलेला असतो. तो शोधायला टॉर्च घेऊन पाय बाहेर आणि डोकं पेडलखाली असं आडवं पडावं लागतं. शेजाऱ्यांनी काळजीनं विचारपूस केली तर चकित होऊ नका. प्लग बऱ्याचदा दुसऱ्या वायरींच्या जुडग्याला टेपनं चिकटवलेला असतो, म्हणून डोळ्यापेक्षा बोटांनी लवकर सापडतो.

त्या प्लगला बसणारी तयार हार्नेस (वायरींचं जुडगं) तुमच्या ट्रकच्या मॉडेलची आणि वर्षाचीच घ्या. दोन वर्षं इकडेतिकडे झालं तरी प्लगचा आकार बदलतो, आणि ट्रकच्या बाजूच्या रंगांना कंट्रोलरच्या रंगांशी काही देणंघेणं नसतं. म्हणून वायर कापून "निळी तर निळीला" असं जोडू नका. हार्नेस बसली की कंट्रोलर, हार्नेस, ट्रक, झालं. अर्धा तास, त्यातला निम्मा शोधण्यात.

काही ट्रकांत प्लग असूनही करंट नसतो. बॉनेटखाली फ्यूजबॉक्सजवळ एक वायर गुंडाळून मोकळी सोडलेली असते, किंवा फ्यूजची जागा रिकामी असते. पुस्तिकेत "ट्रेलर" शब्द शोधा, तिथे लिहिलेलं असतं.

लांब वाट: चार वायरी

प्लग नसेल तर हाताला काळं लागणार. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. हे वाक्य सगळे वाचतात आणि निम्मे विसरतात.

डबा बसवायची जागा ठरवा: उजव्या हाताला न बघता सापडेल, गुडघ्याला लागणार नाही अशी. प्रपोर्शनल कंट्रोलर गाडीच्या सरळ रेषेत असावा; किती वरखाली झुकलेला चालतो हे त्याच्या कागदावर असतं. अनेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या पॅनलमागे गुडघ्यांसाठी एअरबॅग असते. तिथे स्क्रू मारायचा नाही. दुसरीकडेही ड्रिल फिरवण्याआधी मागे हात घालून काय आहे ते चाचपा.

आता वायरी. रंग बहुतेक कंट्रोलरना सारखेच असतात.

काळी, बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मधल्या फ्यूजबॉक्समधून करंट उसना घेऊ नका, थेट बॅटरीवर जा. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत सर्किट ब्रेकर बसवा, आपोआप परत जोडला जाणारा: दोन ते चार ब्रेकना 20 अँपिअरचा, सहा ते आठना 30 चा. त्याच्या दोन खुंट्यांपैकी तांब्याच्या रंगाची बॅटरीकडे, चंदेरी कंट्रोलरकडे. वायर चार ब्रेकपर्यंत 12 गेजची, त्यापुढे 10 ची. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे नवख्याला उलटं वाटतं. इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलमधून ती नेताना आधीच रबराचं बूच असलेलं भोक वापरा. उघड्या पत्र्याची कड इन्सुलेशन सावकाश कापत राहते, आणि एके दिवशी पावसात ब्रेकर पडतो.

पांढरी, बॅटरीच्या निगेटिव्हला. डॅशखालच्या जवळच्या स्क्रूला अडकवून मोकळं व्हायचा मोह होतो. तो स्क्रू नक्की कशात रुतलाय, हे त्यालाच माहीत. बॅटरीपर्यंत न्या.

लाल, ब्रेक लाइटच्या स्विचला, आणि तीही पेडल दाबल्यावरच जिच्यात करंट येतो त्या वायरला. यासाठी बॅटरी तात्पुरती जोडा, टेस्ट लॅम्प घ्या: पाय वर असताना विझलेला आणि पेडल दाबलं की पेटलेला दिसला पाहिजे. माझ्या पहिल्या वेळी मी लॅम्प पेटला एवढंच पाहिलं, पाय कुठे आहे ते पाहिलं नाही. वायर गेली सतत चालू असलेल्या बाजूला. गेन कमी होता म्हणून ट्रेलर हलला तर खरा, पण ट्रक कुरकुरत होता. मला वाटलं, वजनच आहे ना. गल्लीच्या टोकाच्या थांब्याच्या पाटीपाशी जळकट वास आला. उतरून चाकाच्या हबजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. सबंध गल्लीभर मी ब्रेक लावून ट्रेलर ओढला होता.

निळी, मागे सात पिनांच्या सॉकेटच्या ब्रेकच्या पिनेला. चॅसीच्या आतल्या बाजूनं, दीड-दोन फुटांवर टाय मारत न्या. सायलेन्सरचा पाइप आणि हलणारे भाग यांच्यापासून लांब. जोड दाबून बसवा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. चालू वायरीला चावा घेणारे निळे क्लिप जोड ट्रकखाली वापरू नका. एका हिवाळ्याचं मीठ आणि पाणी त्यांना पुरतं.

शेवटी बॅटरी जोडा. एक धोका सांगून ठेवतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर कंट्रोलर तिथेच संपतो. वॉरंटीवाले हसत नाहीत, पण पैसेही देत नाहीत.

रस्त्यावर जाण्याआधी

ट्रेलर न जोडता आधी सॉकेटच्या ब्रेक पिनेवर टेस्ट लॅम्प धरा आणि कुणालातरी हातानं लावायची पट्टी सरकवायला सांगा. लॅम्पचा उजेड पट्टीबरोबर वाढला पाहिजे. मल्टिमीटर इथे फसवतो, कारण त्याला करंट जवळपास लागतच नाही. खराब जोडातूनही तो 12 व्होल्ट दाखवून मोकळा होतो.

मग ट्रेलर जोडा. पडद्यावरची खूण बदलली पाहिजे. ट्रेलर सापडला नाही तर बहुतेक कंट्रोलर ते दाखवतात. इंजिन बंद, सगळं शांत. एकानं पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं चाकाजवळ कान न्यायचा. मॅग्नेटची बारीक गुणगुण ऐकू येते. रहदारीच्या आवाजात कळत नसेल तर जुन्या पद्धतीची साधी होकायंत्राची डबी ड्रमच्या मागे धरा, पट्टी दाबली की सुई वळते. चारही चाकं अशी तपासा. तीन वळली आणि एक नाही, तर त्या चाकाची वायर किंवा मॅग्नेट गेलाय, कंट्रोलरला दोष देऊ नका.

जुना ट्रेलर घेतला असेल तर ड्रमचं अंतरही बघावं लागतं. चाक उचलायचं (मजबूत स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही), ड्रमच्या मागच्या पत्र्यातलं रबरी बूच काढायचं आणि आतली दातेरी चकरी फिरवायची. चाक हातानं जेमतेम फिरेल इतकं घट्ट करा, मग शू किंचित घासल्याचा आवाज राहील इतपत सैल. अंतर जास्त असेल तर गेन कितीही वाढवा, ब्रेक उशिराच लागणार. काही ट्रेलरवर ही चकरी आपोआप फिरते, तिथे हात लावायची गरज नाही.

आणि ब्रेकअवे. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक छोटी बॅटरी आणि पिन असलेली तार असते. ट्रेलर तुटून सुटला तर तार पिन उपसते आणि ट्रेलर स्वतःचे ब्रेक लावतो. तार ट्रकच्या चॅसीला अडकवा, हिचच्या बॉलला किंवा साखळीला नाही; हिचच निघालं तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागेवर राहील. तपासताना आधी सात पिनांचा प्लग काढा, मग पिन ओढा आणि ट्रक किंचित पुढे घ्या. ट्रेलर अडला पाहिजे. पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते.

गेन लावणं

हे रिकाम्या ट्रेलरवर करू नका. प्रवासाला जाताना जसा भरता तसा भरा, पाण्याच्या टाकीसकट. रिकामा, कोरडा, सपाट, डांबरी पार्किंग लॉट शोधा. रविवारी सकाळी एखाद्या बंद कार्यालयाचा बरा.

ड्रम थंड असताना ब्रेक कमी लागतो. ट्रेलर नवा असेल तर शू आणि मॅग्नेट आधी जुळवून घ्यावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 मैलांवरून 20 वर आणत वीस-तीस वेळा ब्रेक लावा, मध्ये ड्रमना निवायला वेळ द्या.

मग गेन मध्यावर ठेवून ताशी वीस-पंचवीस मैलांवर जा आणि ट्रकचं पेडल न दाबता फक्त हातानं ट्रेलरचा ब्रेक पूर्ण लावा. ट्रक मागे धरला गेल्यासारखा, पण झटका न बसता मंदावला पाहिजे. काहीच वाटलं नाही तर गेन अर्ध्या आकड्यानं वाढवा, पुन्हा. चाकं घासत जाऊ लागली, टायरचा किंचाळणारा आवाज आला, तर थोडा उतरवा. चाकं जाम होण्याच्या जरा अलीकडे, हीच जागा. फार भरलेल्या ट्रेलरची चाकं कधी जाम होतच नाहीत. तिथे अंगाला काय जाणवतं त्यावर जायचं.

त्यानंतर पेडलनं तीच परीक्षा. मागून ढकललं जातंय असं वाटलं तर गेन कमी आहे, हिच खेचतेय असं वाटलं तर जास्त. दोन्ही एकत्र, एकाच गाडीसारखे थांबले की झालं. बूस्ट तोवर बंद ठेवा. ट्रेलर ट्रकपेक्षा जड असेल तरच नंतर एकेक पायरी वाढवून बघा.

हा आकडा कायमचा नसतो. पाऊस पडला की कमी करा, ट्रेलर रिकामा केला की कमी करा. माझ्या डॅशवर मास्किंग टेपची पट्टी आहे: "भरलेला 6.5, रिकामा 4, पाऊस एक खाली." तुमचे आकडे वेगळे असतील, पट्टी मात्र चिकटवा.

घाट आणि हेलकावे

टेक्सासातून कोलोरॅडोला जाताना रॅटन पास लागतो, 7,834 फूट. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ट्रेलरचे ड्रम तापतात आणि तापले की धरत नाहीत. कसारा घाटात ट्रकवाले करतात तेच इथेही: टो-हॉल (ओझं ओढतानाचा गिअर मोड) बटण दाबा, खालचा गिअर घ्या, इंजिनला अडवू द्या. मधूनमधून ब्रेक ठाम दाबा आणि सोडा.

ट्रेलर मागे शेपटी हलवू लागला तर ट्रकचं पेडल दाबू नका, स्टिअरिंगनं सावरायला जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावा; मागून ओढ बसली की तो सरळ होतो. ती पट्टी न बघता सापडायला हवी असं वर म्हटलं ते यासाठी. थांबल्यावर सामान तपासा. हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा, जड वस्तू मागे कोंबल्या की तो कमी होतो.

नव्या ट्रेलरचे ब्रेक पहिल्या 200 मैलांनंतर परत घट्ट करा, मग दर 3,000 मैलांनी. आणि प्रत्येक वेळी निघताना, घराच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या, पट्टी एकदा दाबून ट्रेलर धरतोय ना ते बघा. माझी बायको आता ते माझ्याआधी विचारते.